पूर्व, पश्चिम आणि कोठीचं दार

दिशांच्या बाबतीत मी चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष कुणाला द्यायचा, याबद्दल तुमचा गोंधळ व्हायला नको! पदार्थविज्ञानातली पदवी आहे माझ्याकडे. लोक रस्ता विचारतात तेव्हा मी "डावीकडे वळा" असं ढोबळ कधीच सांगत नाही, "ईशान्येला वळा" असं सांगते. ते मग दुसऱ्या कुणाला तरी विचारतात, तो भाग वेगळा.

तीन महिन्यांपूर्वी मला आमच्या तारांगणात निवेदिकेची नोकरी लागली, पण परीक्षेच्या बोलीवर. दर रविवारी दुपारी दोन, तीन आणि चार वाजता तिथे मोफत खेळ असतात. मुलंबाळं, आजीआजोबा, कुणीही यावं, गोल घुमटाखाली मान मागे टाकून बसावं, आणि मी अंधारात उभी राहून आकाश समजावून सांगावं. तीन महिने पूर्ण होत होते त्या रविवारी संचालकबाई स्वतः दोनचा खेळ बघणार होत्या. तो संपला की त्यांच्या खोलीत मला निकाल मिळायचा होता, राहायचं की घरी जायचं.

मी ठरवलं, नुसतं छान बोलायचं नाही, सुधारणा करून दाखवायची! घुमटाखालच्या गोल भिंतीवर दिशा लिहिलेल्याच नव्हत्या. कमाल आहे! मी अंधारात चमकणाऱ्या कागदाची हातभर उंच अक्षरं कापली, 'उ', 'पू', 'द', 'प', आणि शनिवारी ताऱ्यांचा नकाशा हातात धरून चारी बाजूंना चिकटवली.

रविवारी दुपारी जेवताना मला घास लागला.

"पाणी पी," आई म्हणाली.

"आई, ताऱ्यांचा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो!"

"मग धर. पण आधी पाणी पी."

तुम्हालाही समजावते. जमिनीच्या नकाशात पूर्व उजव्या हाताला असते. ताऱ्यांच्या नकाशात ती डाव्या हाताला असते, कारण तो उताणं पडून बघायचा. मी तो ताटासारखा समोर धरला होता! म्हणजे उत्तर-दक्षिण बरोबर, पण पूर्वेला पश्चिम आणि पश्चिमेला पूर्व! मी हात धुतला न धुतला आणि धावत सुटले. आईला मागून दोनच्या खेळाला यायला सांगितलं.

तारांगणात पोचले तेव्हा अर्धा तास उरला होता. स्टुलावर चढले, 'पू' काढलं, 'प' काढलं, अदलाबदल केली, उतरले. पुन्हा तपासलं का? नाही. चूक आहे याची खात्री असल्यावर तपासायचं काय!

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की सकाळी यंत्रकाकांनीही तेच केलं होतं. यंत्रकाका म्हणजे घुमटाच्या मधोमध बसून आकाश फिरवणारे आमचे काका. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि स्वभाव इतका भिडस्त की दिव्याचं बटणही हळूच दाबतात. माझी चूक त्यांच्या लक्षात आली होती, आणि पोरीला वाईट वाटायला नको म्हणून त्यांनी ती कुणाला न सांगता दुरुस्त केली होती. म्हणजे मी जी दुरुस्त केली, ती दुरुस्ती होती!

बरं, काकांनी खेळाच्या ऐन वेळी पुन्हा उलटी झालेली अक्षरं बघितली. त्यांना वाटलं, सकाळी आपलाच काहीतरी घोटाळा झाला. आता लोक बसलेले, संचालकबाई पहिल्या रांगेत, स्टूल कुठून आणणार? तेव्हा त्यांनी, पुन्हा कुणाला न सांगता, अख्खं आकाशच अर्धं वर्तुळ फिरवून ठेवलं.

खेळ सुरू झाला. सूर्य बरोब्बर 'पू' वर उगवला. मी संचालकबाईंकडे बघितलं. त्या काहीतरी लिहून घेत होत्या. आई शेजारच्या बाईंना "माझी मुलगी" असं सांगत होती. सूर्य 'प' वर मावळला, तारे आले, आणि मी ऐटीत म्हणाले, "आता आपण उत्तरेकडे पाहू या. तिथे दिसतो आहे तो..."

लेसरचा बाण 'उ' वर गेला. तिथे ध्रुवतारा नव्हता. दुसरेच तारे होते, अगदी परके!

"बाई," तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "ध्रुव इकडं आहे. दक्षिणेला." जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले आजोबा होते ते. दर रविवारी यायचे, तिन्ही खेळ बघायचे.

"दक्षिणेला कसा असेल, आजोबा?"

"मी कुठं म्हणतो असावा? मी म्हणतो आहे!"

मी अंधारात चाचपडत काकांजवळ गेले आणि कुजबुजले, "काका, उत्तर कुठंय?"

माझ्या कॉलरला माइक होता. नव्वद माणसांनी ते ऐकलं.

"मी आकाश फिरवलं," काका माझ्या कॉलरजवळ कुजबुजले. "तुमची अक्षरं उलटी होती ना."

"उलटी होती, पण मी सुलटी केली!"

"सुलटी मी केली होती!"

"मग मी काय केली?"

"आई," एका छोट्या मुलीने विचारलं, "आपण कुठल्या ग्रहावर आहोत?"

काय सांगू तुम्हाला! अर्धं वर्तुळ फिरवल्याने पूर्व-पश्चिम अक्षरांशी जुळली होती, पण उत्तर-दक्षिण बिघडली होती. परत फिरवलं तर उत्तर-दक्षिण जुळणार आणि पूर्व-पश्चिम बिघडणार. भूमितीने माझा दोन्हीकडून गळा धरला होता. पुढची वीस मिनिटं मी दिशांचा उल्लेखच टाळला. "तो बघा तिथला तारा" असं म्हणत गेले. आणि शेवटी ठरलेल्या कागदावरची ठरलेली ओळ वाचून मोकळी झाले: "कृपया पश्चिमेच्या दाराने बाहेर पडावे."

ही ओळ कैक वर्षं रोज वाचली जायची आणि कैक वर्षं कुणीही तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, कारण पश्चिम कुठे आहे हे कुणालाच माहीत नसायचं. लोक हिरवा दिवा बघून बाहेर पडायचे. तसे आजही पडले. पण माझं लक्षपूर्वक ऐकणारे आणि माझ्यावर विश्वास ठेवणारे काही लोकही होते. ते चमकणाऱ्या 'प' च्या दिशेने गेले. अशी सहाच माणसं निघाली. त्यांतली एक संचालकबाई आणि एक माझी आई.

'प' खाली होतं ते आमच्या कोठीचं दार. आत पुठ्ठ्याचे ग्रह, मोडक्या खुर्च्या आणि एक काटकोनातलं वळण, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला ती वाट वाटते. दाराला जोरदार स्प्रिंग, आणि आतून मूठ नाही. बाहेरून ढकललं तरच उघडतं. आत जायचं तर दारात वीट लावून जा, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ती सहा माणसं त्या दारातून गेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी निकालासाठी संचालकबाईंच्या खोलीत गेले होते. खुर्ची रिकामी! चष्म्याचं घर टेबलावर, बाईंचा पत्ता नाही. म्हणजे त्या न बोलताच निघून गेल्या. निकाल कळला! बाहेर येऊन आईला शोधलं, तर आईही गेलेली. एकही शब्द न बोलता! इतकं वाईट झालं होतं? सख्ख्या आईला तोंड दाखवावंसं वाटू नये इतकं? तिला फोन केला, तर तो प्रेक्षकांचे फोन ठेवायच्या फळीवरच वाजला. शरमेने फोनही विसरली बिचारी.

मोफत खेळ असल्यामुळे तिकीट नाही, त्यामुळे किती आत गेले आणि किती बाहेर आले हे कुणी बघत नाही. तीन वाजले. नवे लोक आले, मोजणीवाले आजोबा पुन्हा तिसऱ्या रांगेत बसले. मी रडवेल्या आवाजात सुरुवात केली. दहा मिनिटांनी भिंतीतून आवाज आला. ठक. ठक ठक.

"हा आवाज कसला?" कुणीतरी विचारलं.

मला तरी काय माहीत! पण निवेदिकेने गप्प राहायचं नसतं. मी म्हणाले, "काही तारे ठरावीक वेळाने स्पंदनं पाठवतात. त्यांना पल्सार म्हणतात. त्यांच्या लहरींचा आवाज केला, तर तो असाच ठकठक ऐकू येतो."

लोक "अरे वा!" म्हणाले. मांडीवरचं एक मूल रडायचं थांबलं. आजोबांनी मात्र मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"बाई, पल्सारचे ठोके नियमित असतात ना?"

"अत्यंत नियमित! घड्याळासारखे!"

"मग हे तीन, मग दोन, मग एकदम नऊ. हा तारा चिडलेला वाटतो."

तेवढ्यात आकाशाच्या पोटातून, साधारण वृश्चिक राशीच्या खालून, माझ्या आईचा आवाज आला, "अगं ठमे! दार उघड!"

काकांनी दिवे लावले. मी धावत जाऊन दार ढकललं. सहा जण एकामागून एक बाहेर आले, धुळीने पांढरे झालेले. सगळ्यांत शेवटी संचालकबाई, हातात पत्र्याचा डबा घेऊन.

"माझं चुकलं, मॅडम," मी म्हणाले. "मी उद्यापासून येत नाही."

"तुमच्या आईंशी ओळख झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही लहानपणी स्वतःच्याच गल्लीत हरवला होतात, ते कळलं."

"आई!"

"अर्धा तास कशावर बोलणार गं?" आई पदराने चेहरा पुसत म्हणाली.

बाईंनी डबा उघडला. आत अक्षरं होती. 'उ', 'पू', 'द', 'प'. पुठ्ठ्याची, पत्र्याची, कापडाची. एकूण सहा संच!

"तुमच्या आधी सहा निवेदक झाले," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने ही सुधारणा केली. प्रत्येकाने नकाशा ताटासारखा धरला. हा हिरवा संच माझा. माझ्या वेळी त्या कोठीत तेव्हाचे संचालक अडकले होते, आणि बाहेर पडायच्या झटापटीत आतली मूठ त्यांच्या हातात आली. ती कुणी परत बसवली नाही, आणि आज अंधारात चमकणारं 'प' बघून मीही सगळं विसरून आत शिरले." त्यांनी केसांतलं जळमट काढलं. "तुमची नोकरी पक्की. चारचा खेळ आज मी घेते. तुम्ही भिंतीवरचं सगळं काढून या डब्यात टाका, आणि डबा जिथल्या तिथे ठेवा."

मला आनंदाने काही सुचेना! चारचे लोक आत येईपर्यंत मी चारी अक्षरं काढली, डब्यात भरली, आणि वीट उचलून कोठीत गेले. डबा खालच्या फळीवर नीट सरळ रेषेत ठेवला. मागे दार धाडकन बंद झालं.

वीट? वीट लावायला हवी होती, मान्य. ती माझ्या हातात होती.

बाहेर संगीत सुरू झालं. मी विटेने दार ठोकायला लागले. पण घाबरून वेडंवाकडं ठोकणं मला शोभत नाही, म्हणून मी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि सेकंदाला बरोबर एक ठोका देत राहिले. एक. एक. एक.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मोजणीवाल्या आजोबांचा समाधानी आवाज आला, "ऐका सगळ्यांनी! आता बरोबर जमलं. हा खरा पल्सार!"

आणि नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या.