मध्यम बुद्धीचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारचे जनूभावजी कुणाच्याही दारात येतात ते खांद्यावरच्या पंच्यात काहीतरी लपवून. तुम्ही "या, बसा" म्हणेपर्यंत ते पंचा बाजूला करतात, एक पाकीट तुमच्या डोळ्यांसमोरून नेतात आणि लगेच झाकतात. "वयनी, काय बगलास? पटकन सांगा. इचार करूचो नाय!"

हातात तापलेली कढई असो, नाहीतर तोंडात कवळी घालायची राहिलेली असो, उत्तर द्यावंच लागतं.

याला कारण मीच. मिठबावात भावजींचा 'चंद्रभागा मसाला' सगळ्यांना ठाऊक. पिवळ्या पाकिटावर डावीकडे माड, उजवीकडे होडी आणि मधोमध मुसळाने मसाला कांडणारी बाई. ती बाई म्हणजे चंद्रभागा, त्यांची बायको. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने तिला अंगणात उभी करून काढली होती. ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तर एकदा मी जामसंड्याच्या दुकानातून पिवळं पाकीट उचललं, बांगड्याचं तिखलं केलं आणि वाटीभर भावजींना दिलं. पहिल्याच घासाला ते उभे राहिले. "वयनी, ह्यो माजो मसालो न्हय!"

पाकीट पाहिलं तर 'चंद्रप्रभा'! माड उजवीकडे, होडी डावीकडे आणि मुसळवाली बाई भलतीच. कसालच्या कुणा व्यापाऱ्याचं.

झालं, भावजी ओरसच्या कोर्टात. त्यांच्या वकीलबाईंनी समजावलं, की दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नसतं. गिऱ्हाईक काही दोन्ही घेऊन दुकानात जात नाही. त्याच्या डोक्यात एक पुसट आठवण असते, तिच्यामुळे ते फसतं का, एवढं कोर्ट बघतं. आणि गिऱ्हाईक धरायचं ते मध्यम बुद्धीचं, अर्धवट आठवणीचं.

भावजी धावत माझ्याकडे. "वयनी, कायद्यातला गिऱ्हाईक माका गावला! तुमीच ता!"

"काय हो, माझी बुद्धी मध्यम?"

"एकदम मध्यम! कोर्टाक तशीच व्हयी."

आता असल्या कौतुकाला काय म्हणावं? तेव्हापासून भावजी पंच्याखाली कधी हे, कधी ते पाकीट घेऊन दारोदार परीक्षा घेऊ लागले. मीही गेले साक्षीला. समोरचा वकील पाकिटाचे तुकडे पाडत होता. चंद्र आकाशातला, माड सगळ्या कोकणाचा, होडी घाटोघाट, मसाला कांडणाऱ्या बायका घरोघर. मग यात तुमचं काय?

भावजी उभेच राहिले. "सायब, बांगडो दर्याचो, खोबरा माडाचा, तिरफळा रानातली. मगे तिखल्याक चव कोणाची?"

त्यांना खाली बसवलं. पण न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरलेला मी पाहिला.

मधे कसालवाल्याचा निरोप आला. माड काढतो, होडी काढतो, नावही बदलतो, फक्त बाई राहू दे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, चांगली तडजोड आहे, घ्या."

"उलटा करूक सांगा तेका," भावजी म्हणाले. "माड ठेव, होडी ठेव. बाई काढ!"

तडजोड मोडली. शेवटी कोर्टाने पाकीट सबंधच धरलं. एकूण बघता माणूस फसतोच, म्हणून दुसऱ्याने सगळं चित्र बदलावं, असा निकाल दिला. भावजींनी वाडीभर खाजं वाटलं. मला वाटलं, सुटले मी एकदाची.

आठवड्याने पुन्हा पंचा दारात. पाकीट दिसलं, झाकलं.

"चंद्रभागा," मी म्हटलं. "आता पुरे की हो भावजी, जिंकलात ना?"

"नाक कसा होता तिचा?"

इतकी वर्षं आम्ही दोघींनी एका विहिरीवर पाणी भरलं, पण नाक काही सांगता येईना.

"माका पण नाय येणा," म्हणत भावजी पायरीवर बसले. "फोटो एकय नाय तिचो. नाक आठवूक गेलंय तर डोळे हरवतत. सगळी मिळान समोर इली काय मातर वळाखतंय. वयनी, माजी पण आठवण अर्धवटच. तेतूर ती कसालची बाई घुसली आसती तर?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी टेकले. "परत दाखवा बघू."

त्यांनी पंचा बाजूला केला. या वेळी पाकीट झाकलं नाही.