हॉर्न दिला, तीनदा

दीपकनं इलेक्ट्रिक मोटारसायकल घेतली आणि खामगावच्या ऑफिसात जाहीर करून टाकलं, "यापुढं उशीर हा शब्द माझ्या हजेरीपटात दिसणार नाही!" माणूस कृषी सहायक. खामगाव ते पिंपळगाव राजाच्या पुढची उमरवाडी, जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. बॅटरी चालते नव्वद. उरलेले अडतीस त्यानं शिवारात फिरायला मोजून ठेवले होते.

जुनी गाडी म्हणजे चालतंफिरतं थ्रेशर! ती नाल्यापलीकडं धडधडत असतानाच उमरवाडीतली सोजराबाई चहाचं आधण ठेवायची आणि माणसं हातातलं काम टाकून बांधावर उभी राहायची. फोन करायची गरजच पडली नव्हती. दीपकला वाटायचं, ही आपली पत आहे.

यंदा बीटी बियाण्याच्या भरवशावर राहिलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती. उमरवाडीच्या हबीबचा जीव तर एकवीस दिवसांपासून टांगलेला. कपाशीची पऱ्हाटी उपटावी, तर पंचनाम्याला पुरावा राहत नाही. ठेवावी, तर हरभऱ्याची पेर हातची जाते!

शुक्रवारी नऊ वाजता नवी गाडी मांजरीच्या पावलांनी हबीबच्या बांधावर आली. पऱ्हाटी छातीला लागलेली, माणूस दिसेना. दीपकनं हॉर्न दिला, तीनदा.

आतून हबीबची बायको गौसिया ओरडली, "नको रे भाऊ! आज काईच नको!"

दीपक चकित. खात्रीसाठी पुन्हा हॉर्न दिला.

"एकदा सांगतलं ना! जाय पुढं!"

दीपक नियमाचा माणूस. हुज्जत घातली नाही. फॉर्मवर लिहिलं, 'शेतकऱ्याचा पंचनाम्यास नकार. वेळ ९.१२.'

पुढचं शेत उकंडरावांचं. हॉर्न वाजताच म्हाताऱ्यानं आतूनच तोफ डागली, "रोज काऊन येऊन राह्यला बे? लेकरायचं पोट बिघडवलं ना तू!"

आपण सांगितलेली कोणती फवारणी लेकरांच्या पोटात गेली, हे दीपकला काही केल्या आठवेना! त्यानं लिहिलं, 'नकार. वेळ ९.२०.'

निवृत्तीच्या शेतातून तर शब्दही आला नाही. ढेकूळ आलं!

अकरा वाजेपर्यंत चौदा शेतं झाली, चौदा नकार. दीपकनं खामगाव ऑफिसच्या साहेबीणबाईंना, म्हणजे पुष्पांजली मॅडमना, फोन लावला.

"मॅडम, गावानं बहिष्कार टाकला!"

"कारण?"

"सांगत नाहीत. एक ढेकूळ आलं."

"लागलं?"

"नाही. पण दिशा माझीच होती."

साडेबाराला मॅडमची जीप एका हवालदारासह नाला ओलांडून आली. तिची घरघर ऐकताच पऱ्हाटी दुभंगली आणि चहूबाजूंनी माणसं धावत सुटली! हवालदारानं काठी सावरली. सगळ्यात पुढं हबीब, अनवाणी, हातात सातबारा.

"आले बाप्पा एकदाचे! नऊ वाजल्यापासून दीपक साहेबाच्या गाडीले कान लावून बसलो. आज काऊन नाई आले?"

"मी आलो होतो," दीपक म्हणाला. "हॉर्न दिला, तीनदा. वहिनींनी हाकलून दिलं!"

गौसियानं ओढणी तोंडाला लावली. "या अल्ला! ते तुम्ही होते? मले वाटलं, मतीन पाववाला आला!"

दीपकनं हॉर्न दाबला. पोंऽऽ!

"हाच!" उकंडराव गरजले. "हाच आवाज! मतीनच्या सायकलीचा पोंगा!"

जीपभोवती हशा उसळला. मॅडमही तोंड फिरवून हसल्या. हबीब हसला नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "जीप नसती आली, तर आमचं काय झालं असतं?"

दीपकनं फॉर्म बाहेर काढले. त्यानं चौदा नकार खोडले आणि प्रत्येक खाडाखोडीखाली सही केली. गाडी बांधावर लावून तो पऱ्हाटीत शिरला. एरवी पंचनामा बांधावरूनच व्हायचा. आज हबीब बोंडं फोडत गेला आणि गौसिया मोजत गेली. वीस बोंडांत सतरा किडकी! सतरावं फोडल्यावर गौसियानं मोजणं थांबवलं. उरलेली तीन धड बोंडं दीपकनं मोजली. मग उकंडराव, मग निवृत्ती, मग बाकीचे. शेवटचा फॉर्म पाचला दहा कमी असताना मॅडमच्या हातात पडला. अडतीस किलोमीटरांतले सहासुद्धा खर्च झाले नव्हते. पाय मात्र पार संपले होते!

सोमवारी सकाळी नाल्यावर मतीननं सायकल आडवी घातली.

"साहेब, माह्या धंद्याचं वाटोळं केलं तुम्ही! पोंगा वाजवला का लोकं सातबारा घेऊन धावतात. पाव कोणीच घेऊन नाई राह्यलं!"

दीपकनं निमूटपणे टोस्टचे दोन पुडे घेतले. मग हबीबच्या बांधावर गाडी थांबवली, हॉर्नला हात लावला नाही, उतरला आणि स्वतःच्या गळ्यानं हाक मारली, "हबीबभाई!"

पऱ्हाटी आता नव्हती. उघड्या काळ्या रानाच्या पार टोकाकडून हबीब ओरडला, "आज नको, साहेब! हरभरा पेरून राह्यलो!"

या नकाराची दीपकनं कुठंही नोंद केली नाही. बांधावर बसून त्यानं टोस्टचा पुडा फोडला.