बायकांच्या सवलतीला सोहनीकाकांची हरकत

सोहनीकाकांची एखाद्या बाईशी नव्याने ओळख करून दिली, की ते हात जोडून नमस्कार करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "गाडीचा इन्शुरन्स किती भरता?"

नाव, गाव, नवरा कुठे कामाला, हे सगळं नंतर. मागच्या गणपतीत पुण्याहून नुकतीच आलेली एक नवी नवरी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्या तावडीत सापडली. ती बिचारी म्हणाली, "काका, मला गाडी येत नाही अजून." काका गंभीर झाले. "शिका, जरूर शिका. पण तुम्हाला आमच्यापेक्षा स्वस्त पडणार आहे, तेव्हा मनात थोडी लाज असू द्या." पोरगी मोदकाची प्लेट हातात धरून नवऱ्याला शोधायला लागली.

डॉक्टर सोहनी, म्हणजे आमचे सोहनीकाका, इकडे विलायतेत, मेडनहेडला, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत एक्स-रे बघितले आणि रिटायर झाले. हाडातली केसाएवढी चीर शोधण्यात आयुष्य गेल्यामुळे ते प्रत्येक गोष्ट उजेडासमोर धरून बघतात, पापडसुद्धा. "ऑब्जेक्टिव्हली बघू या" हे त्यांचं पालुपद. आमटी खारट झाली तर तसं सरळ म्हणायचे नाहीत. "ऑब्जेक्टिव्हली बघितलं तर हिच्यात समुद्राचा अंश आहे," म्हणतील आणि दुसऱ्यांदा वाढून घेतील.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच विषय धरला. या देशात कारचा इन्शुरन्स बायकांना स्वस्त आणि पुरुषांना महाग का? टीव्हीवर खास बायकांसाठीच्या इन्शुरन्सची जाहिरात लागली की काका खुर्चीतून उठतात. "पोरं विशीत गाड्या ठोकतात, त्याचा भुर्दंड मी का भरू? मी पुरुष जन्मलो हा अपघात खरा, पण तो काही रस्त्यावर झालेला नाही!" एकदा त्यांनी कंपनीला फोन करून तिथल्या मुलीला विचारलं, "मी हाच, गाडी हीच, फक्त मी बाई असतो तर किती पडले असते?" ती अदबीने म्हणाली, "आर यू, सर?" त्यावर काकांनी फोन ठेवला, पण तिने विचारलं ते बरोबरच होतं असंही नंतर कबूल केलं.

माझा नवरा शेखर आयटीत आहे. तो एकदा त्यांना समजवायला गेला. "काका, इट्स नॉट पर्सनल. डेटा आहे तो. मुलगे जास्त ॲक्सिडेंट्स करतात, रिस्क जास्त, म्हणून प्रीमियम जास्त."

"मग उद्या डेटाने सांगितलं की ब्राउन माणसं जास्त ठोकतात, तर? चालेल तुला? कातडीवरून पैसे घ्यायचे नाहीत, मग मिशीवरून का घ्यायचे?"

शेखरला मिशी नाही, तरी त्याचा हात ओठावर गेला. मग मी तोंड घातलं. "काका, तुमच्या हॉस्पिटलात बायकांना वर्षानुवर्षं बढती मिळत नव्हती, तेव्हा ऑब्जेक्टिव्हली काय म्हणत होतात तुम्ही?" काका चष्मा पुसायला लागले. उत्तर शैलाकाकूंनी दिलं. "बाई असल्याचा जन्मात पहिल्यांदा काहीतरी फायदा झालाय. तेवढा तरी सुखाने घेऊ द्या."

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको, आणि खरी ठिणगी तिथेच आहे.

काका गाडी अशी चालवतात की शेजारी बसलेल्याला झोप लागते. फाटकातून स्वतःच्या घरापुढच्या ड्राइव्हमध्ये वळतानाही इंडिकेटर देतात. आजवर त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. काकू गाडी शिकल्या त्या काका रिटायर झाल्यावर. परीक्षेत बऱ्याचदा नापास होऊन शेवटी पास झाल्या आणि एक छोटी लाल गाडी घेतली. त्यांनी सजीवाला कधी धक्का लावला नाही, पण निर्जीवांपैकी फारसं कुणाला सोडलंही नाही. फाटकाचा खांब, कौन्सिलचे कचऱ्याचे डबे, कार पार्कातली भिंत. सगळं आपापसांत मिटत गेलं, क्लेम कधी झाला नाही. आणि तरीही काकूंचा प्रीमियम काकांपेक्षा कमी!

माझ्यापेक्षाही कमी, हे मला जास्त झोंबलं. मी वीस वर्षं गाडी चालवतेय. एकदा, फक्त एकदा, सुपरमार्केटच्या खांबाला दार घासून पोचा पडला. शेखरने फोटो काढून कंपनीला रीतसर ईमेल केला आणि माझा नो-क्लेम बोनस गेला. काकूंची ती लाल गाडी समोरून टुणटुणत गेली की माझ्या पोटात दुखायचं.

पण हेव्याच्या बाबतीत काकांचा हात कोणी धरला नसता. त्यांना प्रीमियमचा हेवा होताच, त्याहून त्या गाडीचा होता. काकू एकदा बाहेर पडल्या की दिवस दिवस घरी नसत. स्लाऊला भजन, रेडिंगला मैत्रीण, आणि आठवड्यातून तीनदा तरी कुणा इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईला दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरचं बोलणं तिला मराठी-गुजरातीत समजावून सांगायचं. मागे काका एकटे. मग मला फोन. "चहाला ये गं. आमच्या बाईसाहेब हिंडायला गेल्यात." चहा पिताना त्यांचं सगळं लक्ष खिडकीकडे. एकदा म्हणाले, "ती लाल गाडी माझी सवत आहे." पुरुषाला सवत असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी हसले, ते हसले नाहीत.

असं चाललेलं असताना एक दिवस काकूंनी सुपरमार्केटमधली ट्रॉल्या ठेवायची शेडच ठोकली. बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी "विमेन ड्रायव्हर्स!" म्हणून हसलं. काकू थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या. काका त्यांना न्यायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर म्हणाल्या, "बस झालं. आता या गाडीवर सकाळी एक जरी ओरखडा दिसला, तर किल्ली देवापुढे ठेवीन आणि पुन्हा उचलणार नाही."

काकांनी नुसती त्यांची पर्स उचलली. मला वाटलं, मनातून सुटले असतील. काकूंच्या हातून महिन्याभरात काही ना काही लागणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग बाईसाहेब घरी आणि सवत विकायला.

पण महिना गेला, वर्ष गेलं, लाल गाडी लख्ख. मी येता-जाता मुद्दाम वाकून बघायची. काहीही नाही. प्रीमियम आणखी उतरला आणि काकांनी अख्खं मंडळ डोक्यावर घेतलं. "बघा! एक ओरखडा नाही! म्हणजे कंपनीचंच खरं म्हणायचं की काय?" काकू नुसत्या हसायच्या. त्यांची पूजा मात्र त्या वर्षी फार वाढली. पूर्वी एक अथर्वशीर्ष म्हणून उठायच्या, आता कधी पाच आवर्तनं, कधी अकरा. "हल्ली देवाशी बोलणं वाढलंय," काका कुरकुरायचे. त्यांचंही जरा बिनसलंय असं मला वाटायला लागलं होतं. भर जूनमध्ये सकाळी ते वाफाळती किटली घेऊन गाडीकडे जाताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "काचेवर दव पडलंय." शेखर म्हणाला, "वय झालं गं."

एका सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. काका ड्राइव्हमध्ये लाल गाडीच्या मागे देवघरातल्या पाटावर बसले होते. अंगात ड्रेसिंग गाऊन, शेजारी किटली, पॉलिशचा डबा आणि नखाला लावायच्या रंगाच्या बाटलीएवढी लाल रंगाची बाटली. बंपरला वाटीएवढा पोचा होता. त्यावर त्यांनी कढत पाणी ओतलं, मागून हात घालून दाबलं, आणि पोचा टक्‌कन बाहेर आला. दारापासून मागेपर्यंत एक लांब ओरखडा होता, तो अजून बाकी होता. वरच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून काकूंचं अथर्वशीर्ष ऐकू येत होतं.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. दुसरंच आवर्तन चाललंय. आरती व्हायच्या आत उरकायला हवं."

वर्षभराचं कोडं मला तिथे उभ्या उभ्या सुटलं. बायका गाडी चांगली चालवतात हा कंपनीचा जो काही डेटा होता, त्यातला मेडनहेडचा वाटा हा माणूस रोज सकाळी पाटावर बसून घासूनपुसून तयार करत होता.

मी हळूच म्हटलं, "काका, काकू घरी हव्यात म्हणून तुम्ही दिवसभर तगमगता. हा ओरखडा असाच राहू दिलात, तर त्या आजच किल्ली ठेवतील."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

ते ब्रश हातात धरून ओरखड्याकडे बघत राहिले. "रोज वाटतं गं, राहू द्यावा. खोटं कशाला बोलू? जळतो मी. त्या म्हाताऱ्यांना ती दवाखान्यात नेते ना, त्यांच्यावरसुद्धा जळतो. किती वेळ तिच्या शेजारी बसायला मिळतं त्यांना." बाटलीत ब्रश बुडवून त्यांनी रंगाची एक बारीक रेघ ओढली. "मी ड्यूटीवरून परतायचो, तेव्हा ती त्या वरच्या खिडकीत उभी असायची. मला वाटायचं, बाहेरची गंमत बघत असेल. आता मी उभा राहतो तेव्हा कळतं, बाहेर बघण्यासारखं काही नसतं. ऑब्जेक्टिव्हली बघितलं तर आता माझी पाळी आहे. तू वर जा. तिला बोलण्यात गुंतव, खाली येऊ देऊ नकोस."

मी वर गेले. काकू देवापुढे बसल्या होत्या. आवर्तन संपलं. आता त्या उठतील म्हणून मी घाईघाईने डब्याबद्दल बोलायला लागले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं, गुडघ्यांवर उठून खिडकीतून खाली बघितलं आणि पुन्हा मांडी नीट केली.

"अजून मागच्या दारापाशीच आहेत," त्या म्हणाल्या. "काल भिंतीला पार मागेपर्यंत घासली बघ. आज अकरा म्हणावी लागणार."

मी डबा खाली ठेवला. "काकू, म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, ठोकते मी. मला नाही माहीत असणार?" त्यांनी समईची वात सारखी केली. "हे तोंडाने कधी सांगायचे नाहीत, 'शैला, आज थांब' म्हणून. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. म्हणून मी ते त्यांच्यावर सोडलंय. ज्या सकाळी ओरखडा तसाच दिसेल, त्या सकाळी समजायचं की आता त्यांना मी घरात हवी आहे. मग किल्ली ठेवणार. खरंच ठेवणार."

"वाईट नाही वाटणार?"

"वाटेल ना. गाडी आवडते मला." त्या पुन्हा खिडकीकडे बघत होत्या. "रोज बघते, आज ठेवतात का. पण पुसतात गं. रोज पुसतात."

आणि त्यांनी तिसरं आवर्तन सुरू केलं.

आरतीची घंटा वाजली तेव्हा काका हात पुसत वर आले. तीर्थ घ्यायला ओंजळ पुढे केली, तेव्हा उदबत्तीपेक्षा पॉलिशचाच वास जास्त येत होता. काकूंनी पळीभर तीर्थ घातलं. "मी निघते हो. देसाईआजींची अपॉइंटमेंट आहे. गाडी बघितलीत का? ठीक आहे ना?"

"एक ओरखडा नाही," काका म्हणाले. "तेच तर मी म्हणतो. शुद्ध अन्याय आहे." लाल गाडी फाटकाच्या खांबाला जेमतेम चुकवून रस्त्याला लागली आणि काका वरच्या खिडकीत जाऊन उभे राहिले.

मी घरी आले. आमच्या गाडीच्या दारावर कोपराएवढा पोचा अजून आहे. कंपनीने दुरुस्तीला कबूल केलं होतं, पण मग बोनस गेला त्या रागात मीच गाडी नेली नाही. शेखर त्याबद्दल मला एका शब्दाने बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. बायकांना सवलत मिळावी असं त्याचं मत आहे, आणि ते तो आकडेवारीसकट चांगलं मांडतो. सरळ सांगते, मला शैलाकाकूंचा हेवा वाटला. प्रीमियमचा नव्हे. प्रीमियमचा हेवा परवडला असता.

शेखर टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "किटली लावतोस? पाणी जरा जास्त घाल."

"किती कप?" त्याने विचारलं.