परतीचा पत्ता: डेल्फिन मावशी, वाकोला

"आता बघच तू मावशी! माझं काम जगभर जाणार!" लॉईडने चहात खारी बुडवत जाहीर केलं.

"जगभर नंतर जाऊ दे. आधी वरची खोली कधी रिकामी करतोस ते सांग," डेल्फिन मावशी म्हणाली. तेवढ्यात खारी चहात पडली.

वाकोल्याच्या गावठणात मावशीचं छोटं दुमजली घर होतं. वर एकच खोली. त्या खोलीत लॉईडचं टेबल, लॉईडची खुर्ची आणि लॉईडचा संसार, म्हणजे एक लॅपटॉप. अंधेरीतल्या ऑफिसचं काम संपवून तो घरी यायचा आणि पीएचपी या संगणकाच्या भाषेत "घरपोच" लिहीत बसायचा. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांना पार्सलवरची चिठ्ठी छापून देणारा हा छोटासा प्रोग्राम होता. लिहायचा आणि जगाला मोफत देऊन टाकायचा. कोणीही घ्या, वापरा, बदला!

हे "मोफत" मावशीला काही केल्या पचत नव्हतं. शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात तिची हयात गेली होती. फुकट शिवलेल्या कपड्याची कोणी कदर करत नाही, असं तिचं पक्कं मत. शेवटी तिने निकाल दिला. नाताळपर्यंत हे घरपोच वापरणारा एक तरी माणूस दाखवायचा. नाही दाखवला, तर नवीन वर्षापासून वरची खोली एका नर्सबाईंना भाड्याने, आणि लॉईडची गादी खाली हॉलमध्ये, मावशीच्या घोरण्याच्या शेजारी.

ते घोरणं लॉईडने लहानपणी ऐकलेलं होतं. त्यामुळे तो जिवावर उदार होऊन कामाला लागला.

आणि नशीब बघा! नोव्हेंबरात पीएचपीची नवी आवृत्ती आली. असं झालं की जुने प्रोग्राम अंग टाकतात, हे नेहमीचंच. चिठ्ठ्या छापणारा जो मोठा नावाजलेला प्रोग्राम होता, त्याने पहिल्याच दिवशी मान टाकली. लॉईडने मात्र महिनाभर आधीच घरपोच नव्या आवृत्तीवर तपासून ठेवलं होतं. झालं! लोकांची झुंबड उडाली. अंधेरीत पीएचपीवाल्यांचा एक ग्रुप दर महिन्याला जमायचा. तो चालवणारी श्रुतिका फोनवर किंचाळलीच.

"लॉईड, झकास! अर्धी मुंबई तुझं घरपोच वापरतेय यार! पुढच्या मीटिंगला तूच बोलायचं!"

लॉईडला आभाळ ठेंगणं झालं. आता मावशीपुढे एकच काय, शंभर माणसं उभी करतो, असं म्हणत तो ऑफिसातून घरी आला. दारातच मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे टेबलावर तीन उघडी पार्सलं. एकात लाल रंगाचा ब्लाउज, दुसऱ्यात उंच टाचेची चप्पल आणि तिसऱ्यात लहान बाळाचे मोजे.

"किती दिवस चाललंय हे?" मावशीने विचारलं.

लॉईडची नजर टेबलाकडे गेलीच नाही. तो आपल्याच तंद्रीत होता; घरपोचची कीर्ती मावशीच्या कानावर आली, असंच त्याला वाटलं.

"तुला कळलं होय!" तो लाजत म्हणाला. "तीन वर्षं झाली गं."

"तीन वर्षं! आणि कोणाकोणाला माहीत आहे?"

"अंधेरीच्या ग्रुपला सगळं माहीत आहे. तू ओरडशील म्हणून तुला सगळं सांगितलं नाही."

"जेजू! ग्रुपला माहीत आणि मला नाही?" मावशी खुर्चीत बसली. "आणि मूल?"

"कसलं मूल?"

मावशीने मोजे त्याच्या नाकासमोर धरले. "हे काय तुझ्या पायाला येणार आहेत? सुनेला निदान घरी तरी आणायचं होतंस रे! मी काय खाल्लं असतं तिला? मी फादरना फोन केलाय. ते म्हणाले, आधी शांतपणे बोला."

लॉईडने कपाळावर हात मारला, मोजे घेतले आणि पार्सलवरची चिठ्ठी पाहिली. पाहिली मात्र, त्याचा चेहरा पांढराफटक पडला! तो चौकोन त्याने स्वतः आखलेला होता. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: माल पसंत नसल्यास परत पाठवण्याचा पत्ता, डेल्फिन मावशी, गावठण, वाकोला.

त्याचं असं झालं होतं. प्रोग्रामसोबत नमुन्याची एक फाईल द्यावी लागते. दुकानाचं नाव इथे लिहा, पत्ता इथे लिहा, असं दाखवणारी. नमुना म्हणून काहीतरी पत्ता हवा होता. लॉईडच्या समोर तेव्हा विजेचं बिल पडलं होतं. त्याने मावशीचं नाव घालून तोच पत्ता ठोकून दिला आणि खाली बजावलं, "हा पत्ता बदलायला विसरू नका!" आता ही सूचना कोण वाचतं? सगळ्यांनी फाईल जशीच्या तशी उचलली, वरती आपल्या दुकानाचं नाव घातलं आणि दुकान चालू केलं. खालपर्यंत कोणी गेलंच नाही.

त्याने श्रुतिकाला फोन लावला. "वाट लागली गं! नमुन्याच्या फाईलमध्ये मावशीचा पत्ता राहिलाय!"

श्रुतिका पोट धरून हसली. मग मध्येच तिचं हसू थांबलं.

"काय झालं?"

"थांब रे... मी दोन दुकानांना घरपोच बसवून दिलंय."

"आणि पत्ता?"

"नमुन्याची फाईल कोण वाचतं यार!"

लॉईडने त्याच संध्याकाळी पत्ता काढून टाकलेली दुरुस्त आवृत्ती टाकली. पण छापलेल्या चिठ्ठ्या घरोघरी पोचलेल्या होत्या. दिवस होते लग्नसराईचे आणि नाताळचे. न पसंत पडलेला अख्ख्या उपनगराचा माल वाकोल्याला यायला लागला! घट्ट ब्लाउज, सैल ब्लाउज, एकाच पायाच्या दोन चपला. कुरिअरवाला आता बेल न वाजवता थेट "मावशी!" अशी हाक मारायचा.

सून नाही, नातू नाही, हे कळल्यावर मावशी दोन दिवस रुसली होती. तिने मनात बाप्तिस्म्याची तयारीसुद्धा केली होती. तिसऱ्या दिवशी मात्र तिने तो लाल ब्लाउज उजेडात धरला, उलटा केला आणि नाक मुरडलं. पार्सलवर दुकानदाराचं नाव आणि नंबर होता. तिने फोन फिरवला.

"कोण, अनिरुद्ध बोलतोस? मुलुंडला ब्लाउज विकतोस तो तूच ना? अरे, काखेत कापड किती कमी टाकतोस! त्या बिचारीने हात वर कसा करायचा?"

पलीकडे अनिरुद्धची बोबडी वळली. "आपण... कोण?"

"मी परतीचा पत्ता!" मावशी म्हणाली. "दोन शिलाया उसवून देते. बाईंना सांग, नवा मागवू नका, हाच येतोय."

शिवणयंत्र कपाटातून बाहेर आलं. मग मावशी काही थांबेना. कोणाचा ब्लाउज सैल केला, कोणाची बाही आखूड केली, कोणाला फोनवर माप घ्यायला शिकवलं. बोरिवलीच्या एका नवरीला ती म्हणाली, "ब्लाउज उत्तम आहे. तू श्वास रोखून उभी राहू नकोस." तो ब्लाउज परत आलाच नाही.

लॉईड मात्र खचला होता. मीटिंगला तोंड कसं दाखवायचं? त्याने भाषण फाडलं आणि माफीनामा लिहिला. श्रुतिकाच्या आग्रहावरून मावशीही रिक्षात बसून अंधेरीला आली. दुरुस्त केलेले कपडे द्यायला, असं तिचं म्हणणं. ग्रुपमधल्यांनी आपापल्या ओळखीचे, घरपोच वापरणारे दुकानदारही बोलावले होते.

लॉईड माफीनामा घेऊन उभा राहिला. "माझ्या चुकीमुळे सगळ्यांना त्रास झाला. नव्या आवृत्तीत मी मावशीचा पत्ता काढून टाकला आहे."

मागच्या रांगेतून आवाज आला, "का काढला?"

तो अनिरुद्ध होता! "अहो, मावशींनी दुरुस्त केलेला एकही ब्लाउज पुन्हा परत आलेला नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मावशींना फोन कधी करायचा? तुम्ही परस्पर काढून कसे टाकता?"

"बरोबर!" चारही बाजूंनी कालवा झाला. श्रुतिकाने टेबल आपटलं. "हे बघा, आपल्याकडे कोणी एकट्याने ठरवत नाही. पीएचपीत मोठा बदल करायचा तर मतदान होतं. इथेही घेऊ. नमुन्याची फाईल कोरी राहील. पण मुंबईतल्या ज्या दुकानांना हवं, त्यांना परतीसाठी मावशीचा पत्ता निवडता येईल, शिलाईचे पैसे दुकानदार देतील. बाजूने कोण?"

हात वर झाले. मावशीनेही हात वर केला आणि शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाली, "बघ, काखेत कापड असलं की असा जातो."

विरोधात एकटा लॉईड. पण मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याचाही हात हळूच वर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला! नंतर जो तो मावशीभोवती. लॉईडला एकाने विचारलं, "आपण मावशींचे कोण?"

परतताना रिक्षात मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पटलं मला. एवढी माणसं तुझं काम वापरतात, आणि तू त्यांना ओळखतही नाहीस. चांगलं काम आहे रे तुझं. नर्सबाईंना मी नाही म्हणून कळवलं."

लॉईडच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं ज्या शब्दांसाठी तो झुरत होता, ते असे वाकोल्याच्या सिग्नलला मिळाले. घरी पोचल्यावर तो धावतच जिना चढला आणि खोलीचं दार ढकललं. दार वीतभर उघडून अडलं. फटीतून त्याने पाहिलं. छतापर्यंत पार्सलं! खिडकीपाशी, जिथे सकाळपर्यंत त्याचं टेबल होतं, तिथे शिवणयंत्र ऐटीत बसलेलं.

"मावशी! अगं, मी कुठे बसू?"

"जिन्यावर!" खालून उत्तर आलं. "तिथे रेंज चांगली येते. आणि गादी हॉलमध्ये घातलीय, माझ्या शेजारी."

लॉईड तिसऱ्या पायरीवर बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला. घरपोचच्या पानावर केनियातल्या कोण्या दुकानदाराची नवी विचारणा आली होती: मावशींची सोय आमच्या देशात कधीपासून?

"काय म्हणतोय तो?" मावशीने विचारलं.

लॉईडने वाचून दाखवलं.

"हो म्हण त्याला!" मावशी म्हणाली. "आणि जरा सरक, मला वर जायचंय."