भुईकोटातली बाग

देवकोनीच्या भुईकोट किल्ल्याला तीन शतकांपूर्वी पडलेला वेढा अजून उठलेला नव्हता, आणि नगरपालिकेला तिथे सार्वजनिक बाग करायची होती.

आराखडा मृण्मयी सबनीसकडे आला. तट उतरवायचा, चारी बाजू मोकळ्या, आत हिरवळ आणि चालायला वाट. तिला ही बाग मनापासून हवी होती. आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि अख्ख्या गावात रिक्षा अंगावर येणार नाही अशी हातभर जागा नव्हती. आई गॅलरीतच येरझाऱ्या घालायची.

वेढ्याची संमती हवी म्हणून ती सरदार हंबर्ड्यांच्या तंबूत गेली. त्यांनी नकाशा निरखला, "बाकं सावलीत घ्या, ताई," असंही सुचवलं. मग पिठलं-भाकरी खाऊ घातली. शेवटी तबक आलं, त्यात एकच विडा होता. मृण्मयीने तो उचलून तोंडात टाकला.

तंबूतले सगळे उभे राहिले.

"विडा उचललात. मोहीम तुमची," हंबर्डे म्हणाले आणि त्यांनी कमरेची तलवार सोडून तिच्यापुढे ठेवली. सुटल्याचा आनंद त्यांना काही लपवता येईना.

"अहो, मला वाटलं जेवणानंतरचा..."

"तो मागून येतो. त्यात बडीशेप असते."

मृण्मयीने पहिला हुकूम तट उतरवण्याचा दिला. आतल्या किल्लेदार गिरजोजींनी हरकत घेतली नाही. तटाला ओल फार येते, म्हणाले. तट गेल्यावरही ते हिरवळीवर पहारा देत उभेच राहिले.

"तट दिला. किल्ला कुठे दिलाय?"

मग रिवाजाप्रमाणे पाटी लागली. आत कुणीही यावं. आत गेलेला प्रत्येक जण किल्ल्याचाच माणूस मानला जाईल. शरण येईल त्यालाच बाहेर सोडलं जाईल. मोहिमेच्या सरदाराने मात्र किल्ला पडेपर्यंत आत पाऊल टाकू नये.

लोकांना त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी फिरून झालं की वेढ्याच्या चौकीपाशी यायचं, "शरण" म्हणायचं आणि भाजी घेऊन घरी जायचं. शाळेतली पोरं तर दोन-दोनदा शरण येत.

पहिल्या रविवारी आई आली. तासभर चालली, मग किल्लेदारांशेजारी बाकावर बसली. दिवे लागले, बाग रिकामी झाली, तरी ती उठेना.

मृण्मयीने चौकीवरून हाक मारली, "आई, चल ना आता. नुसतं शरण म्हण, की झालं."

"नाही म्हणायची, मृणू. चाळीस वर्षं घरात तेच म्हटलं."

"अगं, मला आत येता येत नाही!"

"मग तू तुझं काम कर." आई उठली, पदर खोचून पुन्हा चालायला लागली. गिरजोजींनी तिला वाट करून दिली.

मृण्मयीला रडू आलं, आणि आईचा अभिमानही वाटला. हंबर्डे हळूच जवळ आले.

"काय हुकूम, सरदार?"

आई बागेच्या पार पलीकडच्या टोकाला पोचली होती, इथून नीट दिसत नव्हती. मृण्मयीने डोळे पुसले आणि वेढा आणखी आवळायला सांगितला.