सूर्य अडवण्याचं काम

सूर्याला बेडरूममध्ये येऊ द्यायचं नाही, असं मी एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं. ठरवताना काम फारच किरकोळ वाटलं. (मला सगळीच कामं ठरवताना किरकोळ वाटतात. लग्नही तसंच वाटलं होतं.)

आमचा फ्लॅट कांदिवलीला, पहिल्या मजल्यावर. बेडरूमची खिडकी थेट पूर्वेला. घेताना मीच ऐटीत म्हणालो होतो, "नेत्रा, उजेड बघ! दिवसा दिवा लावायला नको." तेव्हा प्रांजल जन्मली नव्हती. आता माझी ही लेक सात महिन्यांची आहे. मे महिन्यात पावणेसहाला पाळण्यावर उजेड आला की ती डोळे उघडते आणि सकाळ झाल्याची बातमी चौथ्या मजल्यापर्यंत पोचवते. आवाज बापाकडून आलाय, असं सगळे म्हणतात. मला बरं वाटतं.

नेत्राला वाटत नव्हतं.

"नंदू, नीट ऐक," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी मला ऑफिस जॉईन करायचंय. रात्री दोनदा उठायचं आणि परत पावणेसहाला उठायचं, नाही झेपणार मला. या आठवड्यात काहीतरी जमव. नाहीतर रविवारी मी तिला घेऊन कुर्ल्याला आईकडे चालले. तिथल्या खोलीत ऊन शिरतच नाही."

"किती दिवसांसाठी?"

"ती शाळेत जाईपर्यंत."

संध्याकाळी मी दार उघडलं की प्रांजल मला बघून दोन दात दाखवते. त्या दोन दातांसाठी मी ऑफिसातून धावत घरी येतो. ते दात कुर्ल्याला राहायला गेलेले मला चालणार नव्हते.

"ते ब्लॅकआउट पडदे मिळतात ना, मागव ऑनलाइन," नेत्रा म्हणाली.

इथे माझा अभिमान आडवा आला. आम्ही मढचे कोळी. माझ्या बापानं, आज्यानं भर वादळात होडीवर ताडपत्री बांधलेली. त्यांच्या घरातल्या पोरानं पडदे विकत आणायचे? मी एका कॉलेजच्या ऑफिसात फायली बांधतो हे खरं, पण गाठ ती गाठच.

सोमवारी संध्याकाळी मी मढला धडकलो. बा अंगणात जाळं शिवत बसला होता.

"बा, काळी ताडपत्री दे."

"सुकं झाकायची? तुला कशाला रं?"

"सूर्य अडवायचाय."

बानं माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आयकडे बघितलं आणि ताडपत्री आणून दिली. माझ्या शिक्षणावर त्याचा पहिल्यापासूनच फार विश्वास नाही.

ती ताडपत्री रिक्षात घेऊन मी घरी आलो. येताना रिक्षावाल्यानं सगळा वेळ डोकं बाहेर काढून रिक्षा चालवली. मला वाटलं, गडी हवाशीर स्वभावाचा असेल.

खिडकीच्या ग्रिलला बाहेरून ताडपत्री बांधली. चारही कोपऱ्यांना बापाची गाठ, मध्ये आज्याची. दार लावलं आणि आत उभा राहिलो. काय सांगू! स्वतःचा हात दिसेना. पाळण्याला ठेचकाळलो, नेत्राच्या पायावर उभा राहिलो, पण ऊर भरून आला. सात पिढ्यांची विद्या कांदिवलीत कामाला आली होती.

"नंदू, कसला तरी वास येतोय," अंधारातून नेत्रा म्हणाली.

मी पोटभर श्वास घेतला. "वास कुठे? उलट घरच्यासारखं वाटतंय."

ती इतकी दमलेली होती की वाद न घालता झोपली.

मंगळवारी सकाळी पाचलाच रडणं ऐकू आलं. प्रांजलचं नव्हतं. खिडकीखाली पिठाच्या गिरणीचे पत्रे आहेत, त्यांवर अकरा मांजरं बसली होती आणि माझ्या ताडपत्रीकडे मान वर करून सामुदायिक विनंती करत होती. बारावं मांजर ग्रिलवर होतं. ते विनंतीच्या पुढे गेलं होतं.

मांजरांमुळे प्रांजल उठली, प्रांजलमुळे बिल्डिंग उठली. मोबाईल वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी हितेशभाई.

"नंदूभाई, तुमच्या खिडकीत मीटिंग बोलावली काय?"

"नाही हो हितेशभाई, आपोआप जमलीत."

"आपोआप? मी नोटीस लावतो, फोन करतो, तरी आपल्या जनरल बॉडीला सात माणसं येतात! इथे फुल कोरम हाय!"

नेत्रानं दिवा लावला. प्रांजलला खांद्यावर घेऊन ती ताडपत्रीपाशी गेली आणि नाकाला ओढणी लावली.

"नंदू, यात काय झाकायचे?"

"बोंबील," मी म्हणालो. "सुके. पण फक्त पाऊस आला तर."

"आणि तुला वास येत नाही?"

मी परत हुंगलं. खरंच सांगतो, मला शुद्ध हवा आली. जन्मापासून ज्याच्यात श्वास घेतला त्याला माणूस वास कसा म्हणणार? पण नेत्राच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "आता जरा जरा येतोय."

त्या दिवशी मी रजा टाकली. ताडपत्री गच्चीवर नेऊन साबणानं तीनदा धुतली, दोन डझन लिंबं चोळली, दिवसभर उन्हात टाकली. ज्या सूर्याला अडवायचं होतं त्याच्याच हातापाया पडून ती वाळवून घेतली. संध्याकाळी नेत्रानं हुंगून पास केली. मांजरांनी नापास केली आणि निघून गेली. मी परत बांधली. तोच अंधार! शेजारच्या दोन बिऱ्हाडांना मी बोलावून बोलावून तो दाखवला. (अंधार दाखवणं सोपं नाही. लोक "कुठे?" असं विचारतात.)

आणि बुधवारी प्रांजल पावणेसहालाच उठली.

गुरुवारी पावणेसहा. शुक्रवारी पाच त्रेचाळीस. वास नाही, मांजर नाही, उजेडाचा टिपूस नाही, आणि पोरगी घड्याळ लावल्यासारखी उठते! मला काही उमगेना. तिकडे नेत्रानं कपाटावरची बॅग खाली काढली. मी गाठी आणखी आवळल्या. आता माझ्या हातात तेवढंच होतं.

शनिवारी नात बघायला माझी आय, पुतळाबाई, मढहून आली आणि रात्री राहिली. पाळण्याशेजारीच तिनं अंथरूण घातलं. रविवारी पावणेसहाला प्रांजलनं भोंगा फुंकला आणि पाठोपाठ आयनं.

"जल्लं तुजं लक्षन! सूनबाई, ऊठ गं! चोर पकरलाय!"

नेत्रानं दिवा लावला. पाळण्याशी मी वाकून उभा होतो. हातात मोबाईल, मोबाईलची बॅटरी चालू.

"हे काय करतोयस?" नेत्रानं विचारलं.

"तपासतोय. कुठून उजेड येतो का, आणि आला तर तो तिच्या डोळ्यांवर पडतो का."

"रोज?"

"रोज. पाच चाळीसला. बांधून सोडून देणारा माणूस नाही मी."

नेत्रानं कपाळावर हात मारून घेतला. आय म्हणाली, "आरं, सगल्या खोलीत कालोख. त्या कालोखात पोरीच्या तोंडावर बॅटरी कोन मारतंय? तूच! सूर्य तरी लांबून येतो रं!"

मी बॅटरी बंद केली. नेत्रानं बॅग उघडली आणि भरायला घेतली.

"नेत्रा, कुर्ल्याला नको जाऊस. चूक झाली. परत नाही करणार."

"मी कुठे चाललेय?" ती म्हणाली.

तेव्हा मी बॅगेत वाकून बघितलं. आत माझे बनियन होते, माझा टूथब्रश होता आणि माझी ऑफिसची पॅन्ट होती. पॅन्टला इस्त्रीसुद्धा होती.

"आठ दिवस," नेत्रा म्हणाली. "मढला. आय, घेऊन जा याला."

रविवारी दुपारी मी आयच्या मागोमाग माहेरी आलो. (पुरुषाच्या माहेराला दुसरा शब्द असेल तर मला माहीत नाही. पुरुषांवर अशी वेळ कमी येते.)

सोमवारी सकाळी सात पन्नासला नेत्राचा फोटो आला. पूर्ण काळा. खाली लिहिलं होतं, "अजून झोपलीय. मीही आत्ताच उठले. ऑफिसला लेट होणार बहुतेक. थँक यू, नंदू."

माझे डोळे भरून आले. तो काळा फोटो मी आळीतल्या प्रत्येक घरात दाखवला. जेटीवर दाखवला. सुकं वाळत घालणाऱ्या बायांना दाखवला. शेवटी बाच्या पुढ्यात धरला. त्यानं चष्मा वर-खाली केला.

"हेच्यात पोर कुटं हाय?"

"पोर आहे बा, दिसत नाही. दिसत नाही, हेच तर माझं काम!" मी छाती काढून म्हणालो.

बानं मोबाईल परत माझ्या हातात दिला आणि जाळं पुढे ओढलं.

"आन तू तितं नाय," तो म्हणाला, "ते सूनबाईचं काम. ते जास्त चांगलं झालंय."