उन्मेषच्या गाडीला दम लागतो

शुक्रवारी सकाळी बदलापूरच्या उड्डाणपुलावर उन्मेष साठ्येच्या गाडीला एका रिक्षाने मागे टाकलं. रिक्षात तीन माणसं होती आणि त्यांच्या मांडीवर आडवं धरलेलं एक कपाट. उन्मेषने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. गाडीने मागून काळा धूर सोडला, पुढून एक सुस्कारा टाकला आणि काटा तीसच्या वर काही नेला नाही.

गाडी तशी जुनी, टर्बोवाली डिझेल. पण उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या गॅरेजवाल्या धर्मेशने लॅपटॉप जोडून तिच्या कॉम्प्युटरमध्ये 'मॅप' की काय ते भरलं होतं, कंपनीचा बंद डबा काढून तिथे भोपळ्याएवढा उघडा एअर फिल्टर बसवला होता, आणि तेव्हापासून ती सुसाट पळायची. उन्मेषला तिचा इतका अभिमान, की घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तो खाली नेऊन बोनेट उघडून दाखवायचा.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, रविवारी दहा वाजता या गाडीत अंबरनाथचे हेमचंद्र चित्रे बसणार होते. हेमचंद्र हे राजसीचे वडील, आणि राजसीशी उन्मेषला लग्न करायचं होतं. पस्तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात साहेब म्हणून काढलेला हा गृहस्थ. स्वतःची स्कूटर त्यांनी जन्मात चाळीसच्या वर नेली नव्हती.

"मशीन आणि माणूस लोडवर कळतो," असं ते राजसीला म्हणाले होते. "ज्याला स्वतःची गाडी धड ठेवता येत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही."

राजसीने फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, "उन्मेष, प्लीज, गाडी नीट कर. बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला."

उन्मेषने तडक कॅम्प पाच गाठलं.

"बूस्ट कमी दाखवतंय," धर्मेश लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणाला. "टर्बोला हवा कमी परते. पायपाला लीक हाय कुठंतरी."

सगळ्या पाइपांना साबणाचं पाणी फासलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. शनिवारी सकाळी डिझेल फिल्टर बदलला, दुपारी सेन्सर बदलला. गाडीला काही उतार पडेना.

"आता एकच इलाज, भाऊ. मॅप अजून कडक टाकतो. डिझेल वाढवतो. गारी बोंबलत पलंल."

डिझेल वाढलं, तसा धूर वाढला. समोरच्या फरसाणवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं.

या दोन दिवसांत दोघांनी बोनेटमध्ये शंभर वेळा वाकून पाहिलं असेल. एअर फिल्टरवर निळीशार, चकचकीत, इलॅस्टिकची टोपी बसलेली दोघांनाही दिसत होती. उन्मेषला वाटलं, धर्मेशने मागच्या वेळी बसवलेला हा काहीतरी भारी पार्ट. विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून तो गप्प. धर्मेशला वाटलं, उन्मेष दुसऱ्या गॅरेजातून इम्पोर्टेड माल बसवून आला. राग गिळून तोही गप्प. फडक्याने मात्र दोघांनी ती आळीपाळीने पुसली.

रविवारी दहाच्या ठोक्याला हेमचंद्र पुढच्या सीटवर बसले, राजसी मागे. गाडी काटई रस्त्याला लागली. सुरुवात बरी झाली.

"वेग छान ठेवलाय," हेमचंद्र म्हणाले.

उन्मेषचा पाय तळाला टेकलेला होता. थोड्या वेळाने त्यांना वरातीचा एक घोडा ओलांडून गेला. मालक त्याला कुठल्याशा लग्नाला घेऊन चालला होता. घोड्याने जाताना वळून गाडीकडे पाहिलं.

"घोडा पुढे गेला," हेमचंद्र म्हणाले.

"हो काका. जाऊ दे. त्याला घाई असेल."

"आणि हा धूर?"

"थोडा... पाचक धूर आहे."

मागे राजसीने कपाळाला हात लावला. "गाडी बाजूला घ्या," हेमचंद्र म्हणाले. "बोनेट उघडा."

त्यांनी चष्मा पुसून आत पाहिलं. तीस सेकंदांत त्यांचं बोट निळ्या टोपीवर टेकलं. "हे काय?"

"इम्पोर्टेड आहे, काका."

"इम्पोर्टेडला खिसा असतो?"

त्यांनी टोपी ओढून काढली आणि उलटी केली. आत काळ्या मार्करने, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : उन्मेष श्यामकांत साठ्ये, आठवी ब.

उन्मेषने आईला फोन लावून टोपीचं विचारलं. मालिनीताईंचा आवाज स्पीकरवर खणखणला. "मीच शिवलं ते! तू बुधवारी बोनेट उघडं टाकून फोनवर बोलत बसलास. ते भोपळ्याएवढं बिचारं उघडंच पडलं होतं. केवढी धूळ या रस्त्यांवर! तुझा जुना रेनकोट पडून होता, त्याचं करून घातलं. असं घट्ट बसवलंय, हवासुद्धा आत जाणार नाही."

"तेच तर झालंय, आई."

"मग? चांगलंच की!"

उन्मेषला अगदी रडू यायचं बाकी होतं. लग्न गेलं, आणि तेही आठवी ब मधल्या रेनकोटापायी.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हेमचंद्र शांतपणे म्हणाले. "हवाच नाही तर टर्बो काय करणार? दोष गेला. आता लोडवर बघू. मी चालवतो."

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडी आत्तापर्यंत ॲक्सिलरेटर किती दाबल्यावर चालत होती हे त्यांनी पाहिलेलं होतं. तेवढाच दाबला. त्यात धर्मेशने शनिवारी डिझेल वाढवून ठेवलेलं. गाडी अशी काही सुटली, की हेमचंद्रांचा चष्मा कपाळावर गेला. पहिला डंपर मागे पडला तेव्हा ते "अरे, अरे!" म्हणाले. दुसरा मागे पडला तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. तिसऱ्याला हॉर्न मारमारून त्यांनी काच खाली केली आणि ते ओरडले, "सरक ना बे, झोपलायस का!"

चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. हेमचंद्रांचे केस उभे होते आणि चेहरा लाल.

"बाबा," राजसी मागून म्हणाली, "एकशे दहा."

"मीटर चुकीचं दाखवत असेल."

"आईला सांगू?"

"काही गरज नाही," हेमचंद्र घाईने म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राहावी."

"पण उन्मेष कुठे घरातला आहे?"

हेमचंद्रांनी उन्मेषकडे पाहिलं. मग बराच वेळ स्टिअरिंगकडे पाहिलं.

"करून घेऊ ना," ते म्हणाले. "तुम्ही दोघं चहा घेऊन या. मी पुढच्या पुलापर्यंत एकदा जाऊन येतो."